नामयाची दासी : संत जनाबाईंच्या जीवनातील स्थित्यंतरे

१

मराठी संतांच्या चरित्रांत परिवर्तनाचा एखादा निश्चित क्षण बहुधा सापडतो. नामदेवांच्या बाबतीत परंपरा तो दोन टप्प्यांत सांगते. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने परीक्षा घेऊन त्यांना कच्चे मडके ठरविले आणि त्या अवमानाने व्याकुळ झालेल्या नामदेवांना पुढे औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून गुरूपदेश लाभला. तुकारामांच्या आयुष्यात दुष्काळ, घरातील मृत्यू आणि व्यापारातील नादारी यांनी त्यांना भंडाऱ्याच्या डोंगरावर नेले. चरित्रकाराला अशा क्षणांचा मोठा आधार असतो, कारण त्याच्या अलीकडचे आयुष्य आणि पलीकडचे आयुष्य अशी सरळ विभागणी त्याला करता येते.

जनाबाईंच्या चरित्रात असा क्षण नाही. अनाथपण आले, गाव सुटले, परक्या घरी दासीपण वाट्याला आले, जिवाभावाचे संत एकामागून एक निघून गेले, राज्ये कोसळली. परंतु त्यांच्या दिनक्रमात फरक पडल्याचे दिसत नाही. पहाटेचे दळण, दिवसाचे कांडण, सडासारवण, पाणी आणि शेण्या हा क्रम अखेरपर्यंत तसाच राहिला. तरीही गंगाखेडच्या एका पोरक्या मुलीपासून मराठीतील एका समर्थ कवयित्रीपर्यंतचे अंतर त्यांनी कापले. बाहेरची परिस्थिती न पालटता आत घडलेले हे स्थित्यंतर कोणत्या बळावर टिकले, हा त्यांच्या चरित्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

या चरित्राचे मुख्य साधन म्हणजे नामदेव गाथेत समाविष्ट झालेले, जनाबाईंच्या नाममुद्रेचे सुमारे साडेतीनशे अभंग होत. ही गाथा शतकानुशतकांच्या मौखिक परंपरेतून आणि उशिराच्या हस्तलिखितांतून आलेली असल्यामुळे तीत मागाहूनची भर पडली आहे. नामदेवांच्या नावावरील रचनेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांची रचना मिसळल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. जनाबाईंच्या अभंगांकडेही तीच सावधगिरी बाळगून पाहावे लागते. तथापि या अभंगांतील कष्टाचा तपशील आणि देवाशी बोलण्याची सलगी यांत एक ठळक एकसूत्रीपणा आहे. चरित्राचा आधार म्हणून तोच अधिक विश्वसनीय ठरतो.

२

परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागात गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मगाव. वडिलांचे नाव दमा आणि आईचे नाव करुंड असे परंपरा सांगते. कुटुंब शूद्र गणल्या गेलेल्या जातीतले व विठ्ठलभक्त होते. नामदेवांच्या घराण्याचे मूळ गाव म्हणून ज्या नरसीचा निर्देश केला जातो ते गाव आणि नामदेवांच्या गुरूपदेशाचे स्थान असलेले औंढा नागनाथ ही दोन्ही ठिकाणे १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच मोडत होती. जनाबाई आणि त्यांचा आश्रयदाता परिवार अशा रीतीने एकाच परिसराशी जोडला जातो.

पंढरपुरी येण्याविषयी दोन कथा प्रचलित आहेत. पहिलीनुसार आईच्या निधनानंतर वडिलांनी मुलीला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या स्वाधीन केले. दुसरीनुसार आईवडिलांबरोबर यात्रेला आलेल्या लहानग्या जनीने विठ्ठलाला सोडून परत जाण्यास नकार दिला. पहिल्या कथेत मुलीचे काही चालत नाही. दुसऱ्या कथेत निर्णय तिचाच आहे. लोकमानसाने दुसरी कथा का जपली असावी हे उघड आहे. ज्या मुलीच्या आयुष्याचा पुढचा सारा आलेख इतरांनी ठरविला, तिच्या हाती निदान आरंभ तरी असावा अशी भाविकांची इच्छा तीत दिसते. अभंगांचा कौल मात्र पहिल्या कथेकडे झुकतो. आई गेली, बाप गेला, आता सांभाळणारा विठ्ठलच, असे जनाबाई स्पष्ट सांगतात. त्यांनी या दुःखाला कोणताही अलंकार चढविलेला नाही.

दामाशेटी हे शिंपी व्यवसायातले. नामदेवांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० चा मानला जातो. जनाबाई त्यापूर्वीच या घरात आल्या होत्या आणि त्यांनी बाळ नामदेवांना अंगाखांद्यावर खेळविले, असे मानणारा एक प्रवाह आहे. तो ग्राह्य धरल्यास एक विलक्षण नाते समोर येते. जिने मुलाला वाढविले तिनेच पुढे त्याला गुरू मानले आणि आपल्या नावाआधी त्याचे नाव लावले.

त्या काळचे पंढरपूर वैभवाकडे वाटचाल करीत होते. विठ्ठलमंदिरातील प्रसिद्ध चौऱ्यांशीचा लेख शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातला आहे. मंदिराला देणग्या देणाऱ्यांची त्यात नोंद असून यादवराजा रामचंद्रदेव आणि त्याचा करणाधिप हेमाद्री यांचे निर्देशही त्यात येतात. ज्यांच्यापाशी द्रव्य होते त्यांची नावे दगडावर कोरली गेली. त्याच नगरीत, त्याच सुमारास, एका शिंप्याच्या घरी जात्यावर बसणाऱ्या दासीजवळ देण्यासारखे श्रमाशिवाय काहीच नव्हते.

३

दासी घरात राहते, परंतु घरातली गणली जात नाही. जनाबाईंना या स्थानाची पुरेपूर जाणीव होती. नामदेवांच्या परिवाराची नामावळी देणारा त्यांच्या नावावरचा अभंग या दृष्टीने बोलका आहे. गोणाई आणि राजाई या सासूसुना, दामाशेटी आणि नामदेव हे बापलेक, नारा, विठा, गोंदा, म्हादा हे चार मुलगे, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना, मुलगी, बहीण अशी गणना होते आणि सर्वांच्या शेवटी जनी येते. इतर प्रत्येकाचे स्थान रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याने ठरलेले आहे. जनीचे स्थान कामाने ठरलेले आहे. तरी ती स्वतःला यादीबाहेर ठेवीत नाही. शेवटची का होईना, पण आपण या घराच्या गणतीत आहोत, हे ती स्वतःच्या तोंडाने नोंदविते.

हीच वृत्ती नाममुद्रेत दिसते. नामयाची दासी हे बिरुद जगाच्या दृष्टीने हीनत्वाचे निदर्शक होते. जनाबाईंनी ते लपविले नाही, टाकलेही नाही. अभंगाच्या अखेरीस सहीसारखे वापरले. दुसऱ्याने लादलेली ओळख जेव्हा कवी मुद्रा म्हणून स्वीकारतो तेव्हा त्या शब्दावरची मालकी बदलते. दासी हा शब्द बदलला नाही, परंतु तो उच्चारणारी व्यक्ती बदलली.

या बदलाला आधार दिला तो जात्याने. दळण हे काम लयीचे आहे. खुंट्यावर हात, डाव्या हाताने वैरण, पाळूची घरघर आणि त्या फेऱ्याबरोबर येणारी ओवी, हे मराठी स्त्रीचे फार जुने काव्यशास्त्र होय. अभंग हा छंद मुळात ओवीशी नाते सांगणारा आहे. लेखन-वाचनासाठी जी सवड, जागा आणि साधने लागतात ती दासीला मिळण्याचा संभव नव्हता. परंतु हात गुंतलेले असतानाच वाणी मोकळी ठेवणारे हे काम तिच्यापाशी होते. तेव्हा जनाबाईंच्या बाबतीत काव्य हे कामातून सुटल्यावर करावयाचे कर्म राहिले नाही. दळण, कांडण, झाडलोट, धुणे यांचे उल्लेख त्यांच्या अभंगांत दृष्टांत म्हणून क्वचितच येतात. बहुधा ते प्रत्यक्ष घडत असलेले काम म्हणून येतात. ज्ञानदेवांच्या काव्यात घरगुती वस्तू तत्त्वविचार उजळण्यासाठी येतात, जनाबाईंच्या काव्यात तत्त्वविचारच घरकामात येऊन बसतो. देव खावा, देव प्यावा, देवावरच निजावे अशी अद्वैताची प्रचीती त्या दिवसाच्या साध्यासुध्या क्रियांतून मांडतात.

रोज त्याच कामाला बसणे हे दास्याचे लक्षण आहे. तेच साधनेचेही लक्षण आहे. जनाबाईंनी ही दोन्ही एकाच जात्यावर आणली. त्यांच्या परिवर्तनाला दिनांक नाही याचे कारण येथे सापडते. ते एकदा घडून संपलेले नव्हते. प्रत्येक पहाटे ते पुन्हा करावे लागत होते.

४

या एकाकी श्रमाला सोबती हवा होता. जनाबाईंच्या अभंगांतील विठ्ठल हा सोबती आहे. तो दळू लागतो, शेण्या वेचतो, पाणी आणतो, न्हाऊ घालतो. तुळशीच्या बनात जनी वेणी उकलीत बसली असता तो हातावर लोणी घेऊन तिच्या डोक्याला चोळतो, कारण जनीला दुसरे कोणी नाही. आईविना वाढलेल्या मुलीचे केस कोण विंचरणार, हा प्रश्न या अभंगामागे उभा आहे. विठ्ठलाला विठाबाई म्हणून हाक मारण्याचे मूळही तेथेच आहे. देवाचे मातृरूप इतर संतांनीही गायिले. परंतु डोक्याला लोणी चोळणाऱ्या आईपर्यंत तपशिलाने जाण्याची गरज जनाबाईंना होती.

सोबती म्हटला की भांडणही आले. जनाबाई विठ्ठलाला एकेरी हाक मारतात, त्याच्यावर चोरीचा आळ घेतात, त्याला बांधून ठेवतात, प्रसंगी शिव्याही देतात. ज्या स्त्रीला घरात वर मान करून बोलण्याचा अधिकार नव्हता तिने विश्वाच्या धन्याला धारेवर धरावे, ही गोष्ट केवळ भक्तीच्या लाडिकपणाची नाही. दडपलेल्या स्वराला येथे मोकळी जागा मिळाली आणि ती जागा कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते.

संतमेळा हा दुसरा आधार. विठोबाला लेकुरवाळा म्हणून पाहणारा त्यांचा अभंग सर्वपरिचित आहे. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, ज्ञानेश्वर पुढे, मुक्ताई मागे, गोरा कुंभार मांडीवर, चोखा जिवाबरोबर, बंका कडेवर आणि नामदेव करंगळी धरून, असे ते चित्र आहे. ब्राह्मण, कुंभार, शिंपी आणि महार एकाच बापाची लेकरे होतात, म्हणून या अभंगाचे सामाजिक मोल सांगितले जाते व ते योग्यच आहे. परंतु या चित्रात जनी स्वतः कोठेही नाही. ती बाजूला उभी राहून हा सोहळा पाहते. कुटुंब नसलेल्या स्त्रीने एक कुटुंब रचले आणि त्यात आपली जागा पाहणारीची ठेवली. दुसऱ्या एका अभंगात त्या ज्ञानदेवांना सखा म्हणतात आणि मरणोत्तर त्यांनी आपल्या पोटी जन्म घ्यावा अशी इच्छा व्यक्त करतात. पोरकेपणाची परिणती दुसऱ्याच्या मातृत्वाच्या शोधात होणे स्वाभाविक होते. स्वतः आई होण्याच्या आकांक्षेत ती झाली, ही जनाबाईंची उंची होय.

५

इ. स. १२९६ हे वर्ष या परिवाराच्या व महाराष्ट्राच्याही इतिहासात दुभंगाचे ठरले. त्याच वर्षी अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि त्याच वर्षी कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. पाठोपाठ सोपानदेव सासवडला गेले. १२९७ मध्ये मुक्ताबाई आणि निवृत्तिनाथही निघून गेले. जनाबाईंनी लेकुरवाळ्या विठोबाच्या अंगाखांद्यावर पाहिलेली चारही भावंडे वर्षभरात नाहीशी झाली. पुढे नामदेव दीर्घ तीर्थयात्रेला निघाले. पंजाबातील घुमान येथे त्यांनी अनेक वर्षे वास्तव्य केल्याचे तेथील परंपरा सांगते. गुरू दूर गेला आणि घर मात्र चालू राहिले.

राजकीय उलथापालथही थांबली नाही. १३१८ मध्ये हरपालदेवाच्या वधाबरोबर यादवांचे राज्य संपले. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद करून राजधानी तेथे हलविली. १३४७ मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाली. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखामेळा त्याखाली गाडले गेले. वेठीच्या श्रमात गेलेला तो जीव होता. चोखोबांनी देवाला भुलविले असा गौरव जनाबाईंच्या अभंगात आहे. हाताने कष्ट करणाऱ्या या दोघा संतांमधील जिव्हाळा समजण्याजोगा आहे.

या घटनांपैकी राजकारणाचा पडसाद जनाबाईंच्या अभंगांत उमटत नाही. ही उदासीनता अज्ञानाची मानण्याचे कारण नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात दूरदूरचे लोक येत आणि वार्ताही येत. परंतु सत्ता बदलली म्हणून दळणाचे धान्य बदलत नव्हते. जनाबाईंनी या काळात जे केले ते वेगळ्या स्वरूपाचे होते. त्यांनी आठवण राखली. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची यादी देणारी त्यांच्या नावावरची रचना प्रसिद्ध आहे. निवृत्तिनाथांचे सोपानदेवांनी, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, सावता माळ्याचे काशिबा गुरवाने, चोखोबांचे अनंतभट्टाने अशी ती नामावळी असून जनीचे लेखन पांडुरंगाने केले, असा तिचा शेवट आहे. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीला लेखनिक मिळणे किती दुर्घट होते, हे या शेवटच्या विधानातून सूचित होते. त्याचबरोबर विखुरलेल्या मेळ्याची नोंद ठेवण्याची जबाबदारी तिने आपली मानली, हेही दिसते. प्रियजन गेल्यावर त्यांची नावे सांगत राहणे हा तिच्या टिकून राहण्याचा मार्ग होता. हरिश्चंद्राख्यान, थाळीपाक, प्रल्हादचरित्र, कृष्णजन्म या आख्यानपर रचनाही तिच्या नावावर आहेत. राज्य, पत्नी आणि पुत्र गमावून दास्य पत्करणारा हरिश्चंद्र दासी जनीला जवळचा वाटावा यात नवल नाही.

६

या स्थित्यंतराची मर्यादाही नोंदविली पाहिजे. जनाबाई आयुष्यभर दासीच राहिल्या. भक्तीने त्यांना श्रमातून मुक्त केले नाही. म्हणून त्यांच्या काव्यात मुक्ती पाहावी की दास्य सुसह्य करणारे सांत्वन, असा प्रश्न उपस्थित होतो. सांत्वनाच्या बाजूने बरेच सांगता येईल. देव दळू लागतो या कल्पनेने दळणाऱ्या बाईचा भार हलका होतो, परंतु दळण लावणाऱ्याला काहीच जाब द्यावा लागत नाही. महिपतींच्या भक्तविजयापासून (१७६२) चरित्रकारांनी देवाच्या या मदतीचे कौतुक इतके केले की मूळचे कष्ट चमत्काराच्या प्रकाशात दिसेनासे झाले.

दुसऱ्या बाजूला डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी भर बाजारात टाळवीणा घेऊन जाण्याचा निर्धार सांगणारा अभंग आहे. तेथे जनाबाई कुलीन स्त्रीच्या साऱ्या संकेतांना ओलांडून स्वतःला देवाच्या दारची वारांगना म्हणवितात आणि आपल्याला कोण अडवितो असे विचारतात. स्त्रीजन्म मिळाला म्हणून उदास होण्याचे कारण नाही, हा दिलासाही त्या स्वतःला देतात. हा स्वर सांत्वनाचा नाही. पदकाच्या चोरीची दंतकथा याच संदर्भात वाचण्याजोगी आहे. देवाचे रत्नजडित पदक नाहीसे होते, ते जनीच्या वाकळेत सापडते, तिला सुळावर चढविण्यासाठी नेले जाते आणि सुळाचे पाणी होते. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेतील सामाजिक सत्य उरतेच. मंदिरात चोरी झाली की संशय प्रथम दासीवर जातो. देवाशी तिची सलगी पुजाऱ्यांना रुचणारी नव्हती, हे लोकस्मृतीने नेमके हेरले आहे.

तेव्हा निष्कर्ष दुहेरी ठरतो. जनाबाईंनी आपले सामाजिक स्थान बदलले नाही. त्या स्थानाने आपले मोल ठरवू देण्याचे मात्र नाकारले. पहिल्या गोष्टीवरून दुसरी गौण ठरत नाही आणि दुसरीच्या गौरवात पहिली झाकूनही चालत नाही.

७

शके १२७२, इ. स. १३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीस पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांनी परिवारासह समाधी घेतली व जनाबाईही त्यांत होत्या, असे वारकरी परंपरा मानते. ज्या नामावळीत शेवटचे स्थान त्यांनी स्वतःला दिले होते ती नामावळी मरणातही अभंग राहिली. घरात रक्ताचे नाते नसलेली ती एकटीच नामदेवांच्या पायरीशी कायमची जोडली गेली.

त्यांचा वाङ्मयीन प्रभाव पंडित कवींपर्यंत पोहोचला. थाळीपाक आणि द्रौपदीस्वयंवर या विषयांवरील त्यांच्या अभंगांपासून सतराव्या शतकातील मुक्तेश्वरांना स्फूर्ती मिळाल्याचे सांगितले जाते. कबीर जनीला भेटावयास आले असता ती शेण्यांवरून भांडत होती आणि तिच्या शेण्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले, अशी कथा आहे. कबीर पंधराव्या शतकातले असल्याने ही भेट कालदृष्ट्या असंभवनीय आहे. परंतु उत्तरेतील एका श्रमिक संताची कसोटी लावून जनीचे श्रेष्ठत्व सिद्ध करावे असे लोकांना वाटले, हे महत्त्वाचे आहे. गोपाळपूरला जनाबाईंचे जाते दाखविले जाते, गंगाखेडला गोदाकाठी त्यांचे मंदिर आहे आणि तेथील महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे.

या साऱ्याहून मोठा वारसा जात्यावरील ओव्यांत आढळतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. त्यांत विठ्ठल आणि जनी यांच्यावरच्या ओव्या विपुल आहेत. त्या गाणाऱ्या बहुतेक स्त्रियांनी नामदेव गाथा वाचलेली नव्हती. सासरी आलेली, माहेर तुटलेली, दिवसभर राबणारी बाई पहाटे जात्यावर बसली की जनी तिच्या समोर येऊन बसे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती अडगळीत गेली, तरी ज्या वृद्ध स्त्रियांना ओव्या पाठ होत्या त्यांच्या तोंडी जनी राहिली. शिलालेखात नाव न लागलेल्या एका दासीची नोंद तिच्यासारख्याच स्त्रियांनी सहाशे वर्षांहून अधिक काळ आपल्या आवाजात ठेवली.